तुळतुळीत चित्रावर ठेवलेलं बोट

कल्पनाताई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी एमआरआयच्या टेबलावरची चादर बदलत होतो. ती तशीच हातात धरून उभा राहिलो... पुढचा पेशंट दारात वाट पाहत होता.

ताई आमच्या बोईसरच्या सेंटरवर टेक्निशियन होत्या. सासर-माहेर दोन्ही जवळच्या दांडी गावचं, कोळ्याघरचं. मी गडचिरोलीकडचा, सातवीत शाळा सोडलेला. पेशंटला टेबलावर घ्यायचं, उतरवायचं, एवढंच माझं काम. तेही कधी जाईल या धास्तीत असायचो. त्यांनीच मला कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसवलं. पाठदुखीने ज्याला फार वेळ पडून राहवत नाही, त्याचा लहानसाच भाग मशीन टिपतं. पण मग त्या भागाबाहेरचं अंग चित्रात दुमडून येतं, लुगड्याची कड आत जावी तसं. ही घडी उलगडून चित्र जुळवायच्या दोन पद्धती होत्या. एकीत खरखर राहायची. दुसरीत चित्र तुळतुळीत, पण कधी बारीक डागही पुसला जायचा. कुठली ठेवावी, हे ठरवायला मोठ्या डॉक्टरांनी ताईंना तुलना करायला सांगितली होती. एकाच तपासणीची दोन चित्रं शेजारी लावून, पद्धतीच्या नावांवर चिकटपट्टी मारून त्या मला विचारायच्या, खरं कुठलं वाटतं, त्यावर बोट ठेव. मला काय कळतं, म्हटलं, तर म्हणाल्या, "शिकलेल्याला काय दिसायला पायजे ते अगोदर ठावं असतं. तुला हाय तेच दिसतं." वर सुकट खायला लाग, नजर आणखी तेज होईल, असा टोमणा. मला जे दिसायचं ते त्या वहीत लिहून घ्यायच्या. माझं म्हणणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं.

मग त्यांचीच पाठ धरली. तपासणी दुसऱ्याने केली, टेबल मी ढकललं. उतरल्यावर सवयीने त्यांनी दोन्ही चित्रं लावायला लावली आणि माझ्याकडे पाहिलं. खरखरीत चित्रात मणक्यातल्या नसेत तांदळाएवढा डाग होता. तुळतुळीतमध्ये काहीच नव्हतं. मी तुळतुळीतवर बोट ठेवलं.

त्या म्हणाल्या, "आज पयल्यांदा तू मला बगून बोललास, चित्र बगून नाय."

रागावल्या नाहीत. डॉक्टरांना डाग त्यांनी स्वतःच दाखवला. उपचार झाले, पुरले नाहीत. माझ्या सांगण्याने काही बिघडलं नव्हतं, असं डॉक्टर म्हणतात. पण ज्यांनी माझ्या नजरेवर विश्वास ठेवला, त्यांच्याशीच मी खोटं बोललो.

ताई बुटक्या, म्हणून त्यांची खुर्ची अजून खालीच केलेली आहे. परवा ताईंच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी मला तीत बसवून एका पेशंटची दोन चित्रं लावली. मी खरखरीतवर बोट ठेवलं, इथं डाग आहे म्हणालो. बोट काढलं नाही.