शुद्ध इंग्रजीचं गाव

आयर्लंडातल्या डंडॉक गावच्या मराठी मंडळींत शैलेंद्र घाडग्याचं नाव निघालं की माणसं आधी उल्काची चौकशी करतात. "काय म्हणते बिचारी? या शनिवारी कुठल्या गावचा चहा पाजला तिला?" आणि हसतात. त्यांचं हसायला काय जातं. तो चहा उल्काला प्यावा लागत होता.

प्रकरण सुरू झालं लेकीपासून. रेवा नऊ वर्षांची, आयर्लंडातच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत, आणि तेही अस्सल डंडॉकच्या इंग्रजीत. वाक्य चढ चढल्यासारखं वर जातं आणि टोकाला एक 'हाय' चिकटतं. भूक लागली, हाय. शाळेला सुट्टी आहे, हाय. अख्खी गल्ली तसंच बोलते, त्यामुळे उल्काला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. शैलेंद्रच्या कपाळावर मात्र आठ्या.

"गावठी बोली आहे ही, उल्का. उद्या हसतील तिला."

"कोण हसेल?"

"शुद्ध बोलणारे."

आता आयर्लंडात शुद्ध इंग्रजी कुठे मिळतं, हे आयरिश माणसालाही सांगता यायचं नाही. पण पुण्यात शिकून आलेल्या माणसाचा पक्का समज असतो, की प्रत्येक भाषेची एक सदाशिव पेठ असतेच. आपण फक्त ती शोधून काढायची. शैलेंद्रच्या मते ती होती डब्लिनजवळ, डून लेरीच्या समुद्रकाठी. तिथलं घर काही परवडणारं नव्हतं. मग त्याने तोड काढली. डंडॉकहून डब्लिनकडे जाताना जिथे ही बोली संपून तिकडची सुरू होते, तिथल्या पहिल्याच गावात घर घ्यायचं.

झालं. दर शनिवारी जुन्या रस्त्याने गाडी निघायची. कॅसलबेलिंगहॅम, डनलीर, मग ड्रॉहिडा. प्रत्येक गावात चहा घ्यायचा, आणि खिशात नकाशावाला फोन असताना काउंटरवरच्या माणसाला रस्ता विचारायचा. आयरिश माणसाला रस्ता विचारला की तो आधी वळणावरचं घर कुणी बांधलं ते सांगतो, मग त्या घरातल्या म्हाताऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन. शैलेंद्र मैफलीला बसल्यासारखा डोळे मिटून ऐकायचा. गाडीत परतला की निकाल द्यायचा, "अजून डंडॉकच आहे. पुढे बघू."

"अरे, आठवड्याचे कपडे धुवायचे राहिलेत माझे," उल्का म्हणायची. ते कुणाच्या कानावर जात नसे.

तिचा जीव डंडॉकात होता. टेक्निकल इन्स्टिट्यूटमधल्या प्रयोगशाळेतली नोकरी, तीही घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. शेजारच्या ब्रीजेटकडे उल्काच्या घराची किल्ली असायची आणि घरातली प्रत्येक बातमीही. एका 'हाय'साठी हे सगळं सोडायचं?

खरी चीड तर तिला वेगळ्याच गोष्टीची होती. शैलेंद्र मूळचा उंब्रजचा. इंजिनिअरिंगला पुण्यात आला तेव्हा पहिल्याच दिवशी 'आल्तो' म्हणाला, आणि होस्टेलच्या पोरांनी वर्षभर त्याला तीच हाक मारली. मग गड्याने भाषा अशी घासून लख्ख केली, की लग्नाच्या बैठकीत उल्काचे पुणेकर वडील म्हणाले, "मुलगा आपल्यापेक्षा शुद्ध बोलतो." पण उंब्रजहून आईचा फोन आला की हा अजूनही मागच्या अंगणातल्या शेडमध्ये जायचा आणि दार लावून बोलायचा. सुट्टीत गावी गेला तरी रेवा जवळ असली की आईला नुसत्या मानेने उत्तरं.

अखेर ड्रॉहिडाच्या पुढे एका गावात त्याला हवी ती बोली सापडली. घरही विकाऊ होतं. मालकीण मॉरीनबाई, सत्तरीच्या. त्यांनी स्वतः चहा केला, घर दाखवलं. प्रत्येक शब्द कसा इस्त्री केलेला. शैलेंद्रचा चेहरा उजळला.

"ऐकलंस?" तो मराठीत पुटपुटला. "आज होच म्हणून टाकू."

उल्काने हातातला कप खाली ठेवला. तेवढ्यात मॉरीनबाईंचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला आणि आवाजच पालटला. वाक्यं चढ चढायला लागली, टोकाटोकाला 'हाय' लटकायला लागले.

रेवा खुदकन हसली. "ही तर आपल्याकडची आहे, हाय."

"बहीण होती, डंडॉकची," फोन ठेवून बाई म्हणाल्या. आवाजाला पुन्हा इस्त्री. "माझाही जन्म तिथलाच. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाई हसायच्या, म्हणून बदललं सगळं. पण बहिणीशी असं बोलले तर ती फोनच आपटेल. आता नवराही गेला. तिच्याजवळच राहायला चाललेय."

शैलेंद्रने चहा संपवला, कळवतो म्हणाला.

परतीच्या वाटेवर डनलीरजवळ उंब्रजचा फोन वाजला. शैलेंद्र सवयीने गाडी बाजूला घ्यायला लागला.

"थांबवू नकोस," उल्का म्हणाली आणि पुढच्या स्क्रीनवरचं बटण तिनेच दाबलं. गाडीभर सासूबाई झाल्या.

"शैल्या, कुटं हैस रं? घर बगाय जानार हुतास न्हवं?"

शैलेंद्रने आरशात मागे पाहिलं. रेवा कान टवकारून बसली होती.

"गेल्तो गं आई," तो म्हणाला. "न्हाई घेत. डंडॉकातच ऱ्हातो."

"बरं क्येलंस. ततं शेजार चांगला म्हनत हुतास."

फोन संपला. रेवा पुढे वाकून म्हणाली, "बाबा, say that again, हाय."

त्याने पुन्हा म्हणून दाखवलं. मग आणखी एकदा, जरा ठसक्यात. उल्का खिडकीबाहेर बघत हसू दाबत होती. सुटलो, असं तिला वाटलं.

डंडॉकची पाटी दिसली तसा शैलेंद्र घसा खाकरून म्हणाला, "उल्का, ही बोली दक्षिणेला कुठे संपते ते कळलं. पण उत्तरेला, न्यूरीच्या बाजूला कुठे संपते, ते कुणी बघितलंय? पुढच्या शनिवारी..."

"मी कपडे धुणार आहे," उल्का म्हणाली.