राब न भाजलेलं वर्ष

आप्पा साठ वर्षांचे झाले यावर माझा तरी विश्वास बसत नाही! नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जव्हारच्या एस.टी. स्टँडवर मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. इंजिनिअरची नोकरी सोडून आलेले हे गृहस्थ दगडी जातं कवटाळून मोखाड्याच्या गाडीत चढू पाहत होते आणि कंडक्टर जात्याचंही तिकीट मागत होता. सूर्यमाळला सात कुटुंबांनी मिळून एक शेत, एक चूल करायची, असं त्यांनी गाडीतच मला सांगितलं. महिन्याभरात मी आणि माझे यजमान त्यांच्यात सामील झालो.

अट आप्पांनीच घातली होती: पहिल्या वर्षी पोटापुरती नागली, म्हणजे नाचणी, स्वतः पिकवली तर राहायचं, नाहीतर आपापल्या घरी जायचं. वस्तीच्या तोंडाशी ‘स्वावलंबी वस्ती’ अशी सागवानी फळीही झळकली.

आमच्याकडे रोप टाकण्याआधी पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. जाळल्याने माती मरते, हे आप्पांनी इतकं सुंदर समजावलं की मी खोडाळ्याच्या शेतकऱ्याची लेक असूनही तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. झालं! तणाचं असं रान माजलं की त्यात नागली शोधावी लागे. लावणीला जेमतेम एका वाफ्यापुरतं रोप निघालं.

वस्तीत बोचकी बांधायला सुरुवात झाली. राबाशिवाय असंच होणार हे मला आधीच ठाऊक होतं, असं मी रडतरडत कबूल केलं. आप्पा रागावले नाहीत.

“चूक माझीच,” ते म्हणाले. “पण सुमनताई, पुन्हा माझ्यापुढे गप्प बसायचं नाही.”

तसेच पावसात भिजत ते खालच्या पाड्यावर गेले, मी मागोमाग. तिथे राहणाऱ्या पार्वतीबाई आपल्या शेतात लावणी करत होत्या. आप्पांनी हात जोडून सगळं सांगितलं. त्या पोटभर हसल्या आणि म्हणाल्या, “राब नाय भाजला, मंग तनच पिकंल ना! आमचं रोप उरतं, न्या. पर आधी तुमी आमच्यात लावाया या, मंग आमी तुमच्यात येऊ.”

दोन दिवस आम्ही त्यांच्या चिखलात राबलो. तिसऱ्या दिवशी, काय सांगू, अख्खा पाडा डोक्यावर रोपांच्या जुड्या घेऊन आमचा उतार चढून आला! दिवस मावळायच्या आत शेत लावून झालं. बोचकी सुटली. मी तर लहान पोरीसारखी नाचले.

जेवायला पाट पुरेनात. आप्पांनी ती सागवानी फळी उतरवली आणि अक्षरं खाली करून पार्वतीबाईंना बसायला मांडली. ती पुन्हा वर चढली नाही. आजही पाहुण्यांना तोच पाट मिळतो.

आप्पांबद्दल विद्वान मंडळी या गौरवग्रंथात पुष्कळ लिहितील. मला एवढंच ठाऊक आहे की दर उन्हाळ्यात पाड्याचा पहिला राब आता त्यांच्या हातून पेटतो. शुभेच्छा काय लिहू, असं मी पार्वतीबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, “लिव, अजून चालीस राब पेटवायचेत. आजारी पडाया सवड नाय.”