डिग्री नसल्याचा दाखला

"डिग्री नको म्हणजे?" मी खिडकीतून विचारलं.

"नको म्हंजे नको," बाई म्हणाल्या. "मला निस्तं राज्यशास्त्राच्या तासाला बसायचंय. परीक्षा न्हाई, डिग्री न्हाई."

अ‍ॅडमिशनची शेवटची तारीख दोन दिवसांवर आली होती. बाईंच्या मागे तीस-पस्तीस पोरांची रांग. बाई पंचावन्नच्या आसपास, डोक्यावर पदर, हातात कॅरीबॅग. बॅगेत बारावीची मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला, दोन्ही लॅमिनेशन केलेले. मी अंबाजोगाई तालुक्यातल्या एका कॉलेजात हेडक्लार्क होते. तीस वर्षांत त्या खिडकीवर फी कमी करा म्हणणारे आले, हजेरी वाढवा म्हणणारे आले, मार्कच वाढवा म्हणणारेही आले. डिग्री नको म्हणणारं कुणी आलं नव्हतं.

"राज्यशास्त्रच का पण, ताई?"

"तीस वर्षं झाली, आमच्या घरात राजकारण चाललंय. चहा मी करते. त्यात शास्त्र काय हाय, ते तरी बघावं म्हनलं."

तेव्हा मी फॉर्मवरचं नाव नीट वाचलं. सुमनबाई. घाटनांदूरच्या बाजूच्या गावातलं मोठं घर. यजमान उत्तमराव, म्हणजे आमच्या भागातले अण्णा. पंचायत समितीचे माजी सभापती. आता डोळा जिल्हा परिषदेवर होता. मी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली.

अशा विद्यार्थ्यासाठी विद्यापीठाच्या नियमात सोय असते. तिला ऑडिट कोर्स म्हणतात. वर्गात बसायचं, ऐकायचं, वही लिहायची. परीक्षा नाही, मार्क नाहीत. आमच्याकडे कुणी कधी घेतला नव्हता, म्हणून मी विचारायला प्रिन्सिपॉल सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, बाहेर एक बाई आल्यात. ऑडिटसाठी."

सर ताडकन उठले. "न कळवता? अकाउंटंटला बोलवा. आणि आधी चहा सांगा त्यांना. बिस्किटं पण."

मी खुलासा करेपर्यंत अकाउंटंट मागच्या दाराने घरी गेले होते. दुसऱ्या दिवशी ते मेडिकल रजेचा अर्ज घेऊनच आले. सुमनबाई मात्र खुश. "लई चांगलं कॉलेज हाय," म्हणाल्या. "फॉर्म भरायच्या आधी चहा देतेत."

खरी अडचण कॉम्प्युटरवर आली. हल्ली प्रवेश विद्यापीठाच्या पोर्टलवर होतो. त्यात पहिलाच रकाना 'कोणत्या पदवीसाठी' असा. तो रिकामा ठेवला की पुढचं पान उघडत नाही. बी.ए. टाकलं की परीक्षेचा फॉर्म आपोआप तयार होतो. मी विद्यापीठाच्या पात्रता विभागाला फोन लावला. विद्यार्थी प्रवेशाला पात्र आहे की नाही, हे हा विभाग ठरवतो.

"मॅडम, डिग्री नको असलेला विद्यार्थी आमच्याकडे नाही," पलीकडचा माणूस म्हणाला.

"नियमात आहे. मी पुस्तक समोर घेऊन बसलेय."

"नियमात आहे. सिस्टीममध्ये नाही."

"मग मी काय करू?"

"त्यांना डिग्री घ्यायला सांगा."

शेवटी मी कोऱ्या रजिस्टरवर पट्टी मारून रकाने आखले. वर लिहिलं, 'ऑडिट कोर्स'. खाली एकच नाव. सरांनी सही केली, बाईंना ओळखपत्र दिलं, आणि मला वाटलं काम संपलं.

पंधरा दिवसांनी राज्यशास्त्राचे काळे सर ऑफिसात आले. चेहरा उतरलेला.

"मॅडम, त्या बाई रोज येतात हो."

"बरंच आहे की."

"बरं कसलं? सोमवारी येतात, शनिवारीही येतात. सकाळच्या बसनं येऊन पहिल्या बाकावर बसतात. मला तयारी करावी लागते."

काळे सरांच्या हजेरीपटावर ऐंशी नावं होती. वर्गात आठ-दहा असायची, आणि तेवढ्यांसाठी काय शिकवायचं, असं म्हणून सर कँटीनमध्ये बसायचे. आता वर्ग भरू लागला. पोरांना कळलं होतं की बाई प्रश्न विचारतात. ते ऐकायला गर्दी व्हायची. राज्यघटना शिकवताना सर म्हणाले की सत्ता लोकांची असते. बाईंनी हात वर केला. "सर, मंग ती आमच्या वसरीवर का म्हून बसलेली असती?"

महिनाभरात अण्णांची जीप कॉलेजच्या दारात लागली. पांढरे कपडे, बरोबर दोन कार्यकर्ते. अण्णा सरळ माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, आमच्या मंडळींचं नाव कमी करा."

"अण्णा, पोर्टलवर नाव चढलंच नाही. कमी कुठनं करू?"

"मंग वर्गात कोन बसायलंय?"

"त्याच बसतात."

अण्णांनी कार्यकर्त्यांना बाहेर पाठवलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, लई तरास झालाय बगा. परवा वसरीवर चार मानसं बसली होती. मंडळींनी चहा आनला आन् इचारलं, ठराव आधी होतो का काम आधी? आता काय सांगावं मानसानं? वरून विरोधक म्हनायलेत, वहिनीसाहेब अण्णांच्याच इरोधात उभ्या ऱ्हानार. उगं कुनी कॉलेजला जातंय का ह्या वयात?"

बोलणं चाललं होतं तेवढ्यात तास बदलला आणि सुमनबाई वही घेऊन दारातून जाताना थांबल्या.

"तुमी? आन् इथं का म्हून?"

"काई न्हाई," अण्णा उठले. "जीप रिकामीच चालली होती. म्हनलं तुमाला घिऊन जावं."

"माझा अजून एक तास हाय. बसा भाईर."

अण्णा व्हरांड्यातल्या बाकावर अठ्ठेचाळीस मिनिटं बसले. येणारा-जाणारा प्रत्येक पोरगा त्यांना नमस्कार करत होता आणि प्रत्येकाला ते सांगत होते, सहज आलो.

मग आरक्षणाची सोडत निघाली. म्हणजे जिल्हा परिषदेचा कोणता गट कुणासाठी राखीव, ते चिठ्ठ्या काढून ठरवतात. अण्णांचा गट महिलांसाठी राखीव निघाला. तीन दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. सुमनबाईंचा फोटो बारीक, अण्णांचा मोठा, आणि खाली ठळक अक्षरात: 'उच्चशिक्षित उमेदवार, राज्यशास्त्राच्या पदवीधर'.

चौथ्या दिवशी अण्णा पुन्हा हजर. या वेळी पेढे घेऊन.

"मॅडम, तेवढा डिग्रीचा एक दाखला द्या. लई उपकार हुतील."

"डिग्री त्यांनी घेतलीच नाही, अण्णा. नको म्हणूनच तर आल्या होत्या."

"रोज येतेत का न्हाई? एक तास बुडिवला का? ज्यानला डिग्री मिळती ते तरी इतकं येतेत का?"

हे खरंच होतं. पण त्यावर डिग्रीचा दाखला निघत नव्हता. दुपारी संस्थेच्या सचिवांचा सरांना फोन आला, आणि सरांनी मला बोलावलं. ते माझ्याकडे न बघता टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते.

"खोटं लिहू नका. पण 'पदवी अभ्यासक्रमाचे शिक्षण पूर्ण केले' असं लिहिलं तर? पदवी मिळाली असं त्यात कुठे आहे?"

"सर, वाचणारा तेच वाचणार."

"वाचणाऱ्याचा प्रश्न आहे तो."

"खाली पहिली सही माझी असते, सर. मला रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय."

"उद्या सकाळपर्यंत ड्राफ्ट आणा," एवढंच ते म्हणाले.

त्या संध्याकाळी माझ्या हातून पोळ्या करपल्या. खोटा दाखला उमेदवारी अर्जाला लागला आणि कुणी हरकत घेतली, तर चौकशी माझ्या टेबलापासून सुरू होणार होती. सचिवांचा फोन कुठल्याच रजिस्टरला नोंदलेला नसतो. नाही म्हणावं, तर दीड वर्ष त्यांच्याच हाताखाली काढायचं होतं.

सकाळी मी ऑफिस उघडायला गेले तर सुमनबाई पायरीवर बसलेल्या.

"मॅडम, मला एक दाखला पायजे."

म्हणजे अण्णांनी आता ह्यांनाच पाठवलं. "कसला?"

"डिग्री नसल्याचा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"चौकात माझा फोटू लावलाय," त्या म्हणाल्या. "त्याच्याखाली खोटं लिवलंय. मी रोज त्याच रस्त्यानं कॉलेजला येते. पोरं बगतेत माझ्याकडं. उमेदवारीच्या अर्जात शिक्षन लिवायचं असतंय, ते शपथेवर असतंय, काळे सरांनी शिकिवलंय. घरी सांगितलं तर म्हनतेत, तुमाला काय कळतंय. मंग मला कागद द्या. कागद दावल्याबिगर आमच्या घरात कुनी ऐकत न्हाई."

"अण्णा चिडतील."

"चिडू द्या. चहा पिऊन चिडतेल."

मी तिथेच टाइप केलं: 'दाखला देण्यात येतो की, सदर विद्यार्थिनी या महाविद्यालयात राज्यशास्त्र विषयाच्या तासांना नियमित उपस्थित आहेत. त्यांनी कोणतीही परीक्षा दिलेली नाही व त्यांना कोणतीही पदवी देण्यात आलेली नाही.' बाईंकडून लेखी अर्ज घेतला, सोबत जोडला आणि दाखला सरांपुढे ठेवला. सरांनी दोनदा वाचला. मग इतक्या जोरात सही केली की कागद फाटता फाटता राहिला. संध्याकाळी ते सचिवांना फोनवर सांगत होते, "मी काय करू साहेब, उमेदवाराचाच लेखी अर्ज आहे."

बाईंनी तो कागद अण्णांसमोर ठेवला. उमेदवारी अर्जावर सही हवी असेल तर आधी फ्लेक्स दुरुस्त करा, म्हणाल्या. नवा फ्लेक्स करायला वेळ नव्हता. 'पदवीधर' या शब्दावर पांढरी पट्टी चिकटवली. मग काय, सगळा तालुका पट्टीखाली काय आहे ते वाचायला थांबू लागला. कुणी म्हणालं गुन्हा लपवलाय, कुणी म्हणालं पक्ष बदलला. शेवटी बाईंनी सभेत माइक घेतला आणि सांगून टाकलं, "डिग्री न्हाई. शिकायले."

बाई पडल्या. थोडक्यात पडल्या, पण पडल्या. अण्णांचं म्हणणं, त्या पट्टीनं मतं खाल्ली. असेलही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आज बाई काही येत नाहीत असं धरून काळे सर कँटीनमध्ये निवांत भजी खात बसले होते. मी पलीकडच्या टेबलावर होते. दारात सुमनबाई आल्या. डोळे सुजलेले, वही हातात.

"सर," त्या म्हणाल्या, "घंटी झाली."

काळे सर अर्धं भजं प्लेटमध्ये ठेवून उठले.

दीड वर्षाने मी बिनचौकशीची रिटायर झाले. नव्या क्लार्कला चार्ज देताना एवढंच सांगितलं, दाखल्यात जे झालं तेवढंच लिहायचं. जे झालं नाही ते झालं नाही, असं कुणी लिहून मागितलं तर आनंदाने द्यायचं. पण तसलं गिऱ्हाईक तीस वर्षांत एकदाच येतं, त्याच्या भरवशावर राहायचं नाही.