डावं वळण आणि खालाची सीट

दोन मास्तर एका टपरीवर भेटले की किस्से निघणारच. आमच्या मोटार ट्रेनिंगचे निम्मे किस्से हसायचे हायेत. साईडकारचे मात्र मी दिवसाउजेडीच सांगतो. हसायचं तर हसा, पण ‘खरं का?’ विचारू नका!

आमची शिकवायची गाडी म्हणजे मोटारसायकल आणि तिच्या डाव्या अंगाला जोडलेली साईडकार. एकूण तीन चाकं. मालक आणि मोठे मास्तर करीम उस्ताद, मी त्यांच्या हाताखालचा. ऑफिस क्रांती चौकाजवळ, मैदान पुंडलिकनगरच्या पलीकडं. तेव्हा तिकडं सगळं मोकळं रान होतं.

* * *

साईडकार रिकामी असली आणि डावं वळण जोरात घेतलं, की तिचं चाक जमीन सोडतं. हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगायचो. ऐकतंय कोण?

एका दूधवाल्यानं असंच फर्रकन वळण मारलं. चाक हातभर वर! गड्यानं गाडी सोडली अन् बाभळीपर्यंत पळत गेला. तिथूनच ओरडला, “मास्तर, मला गाडी शिकायचीय, विमान नाय!”

* * *

यावर इलाज एकच, साईडकारमध्ये वजन ठेवायचं. दुसरे लोक वाळूचं पोतं टाकतात. उस्तादनी बायको बसवली!

आम्ही सगळे तिला खाला म्हणायचो, म्हणजे मावशी. मांडीवर सूप घेऊन ती तांदूळ निवडत बसायची अन् शिकणारा चुकला की पत्र्यावर बांगडी वाजवायची. एकदा वाजली तर हळू, दोनदा वाजली तर थांब.

मी एकदा विचारलं, “खाला, तुम्हाला भीती नाय वाटत?”

“तुम्हारे उस्ताद के साथ तीस साल निकाले बाबा, अब किससे डरूँ?”

* * *

खाला तापानं गेली. चार दिवसांत. माझा डबा विसरला की आपल्यातली अर्धी भाकर देणारी बाई होती ती. मला लई लागलं.

महिन्यानं आम्ही वाळूचं पोतं आणलं. संध्याकाळी साईडकारमध्ये ठेवलं. सकाळी बघतो तर पोतं बाहेर, भिंतीला टेकून उभं! परत ठेवलं, परत बाहेर. शेडला कुलूप अन् किल्ली माझ्या कमरेला. तिसऱ्या दिवशी मी चिडलो, शिव्या हासडल्या.

उस्ताद बिडी विझवत म्हणाले, “एका सीटवर दोघं बसणार कसे, गंगाधर?”

* * *

मग मी पोत्याशिवायच गाडी काढली. जोरात डावं वळण घेतलं. चाक जमिनीलाच! आणखी जोरात घेतलं. तसूभर हलेना. स्प्रिंग बघितली, नट-बोल्ट बघितले, सगळं जागच्या जागी.

त्याच आठवड्यात एक नवा बेकरीवाला शिकायला आला. खालाला त्यानं कधी पाह्यलेलं नव्हतं. मैदानाच्या टोकाला तो अचानक थांबला. मी पळत गेलो. त्याच्यापुढं गवतात पाईपलाईनसाठी खोदलेली चारी होती. दिसतपण नव्हती.

“तुला कसं कळलं रं?”

“मला कुठं कळलं? पत्र्यावर दोनदा वाजलं, म्हणून थांबलो. कुणी ठोकलं की थांबायचं असतं ना?”

* * *

आता नसीमचं सांगतो. उस्तादची पोरगी. एक पाय पोलिओनं अधू, त्यामुळं दुचाकीवर पाय टेकवायची पंचाईत. सोयगावकडं शाळेत मास्तरीण म्हणून नोकरी लागली होती, पण शाळा स्टँडपासून तीन कोस आत. लायसन मिळालं तर नोकरी, नाय तर घरी बसणं. उस्तादनी तिच्यासाठी ब्रेक हाताला जोडून दिला.

पोरगी झकास चालवायची. चाक तर उचलायचंच नाय!

टेस्टच्या सकाळी ती माझ्याजवळ येऊन रडायला लागली. “गंगाधरचाचा, चाक उचललं तर खाली कसं आणायचं ते मला येतच नाय. कधी उचललंच नाय ना! अम्मी सोयगावला रोज येणार काय? अन् वाटेत उतरली तर?”

मी एवढंच सांगितलं, “ब्रेक दाबू नको. हँडल जरा उजवीकडं सोड, चाक आपसूक टेकतं.”

टेस्ट घेणारे साहेब म्हणाले, “साईडकार रिकामी. डावीकडून तीन फेऱ्या, जरा वेगात.”

नसीमनं किक मारली, पण निघेना. रिकाम्या सीटकडं वाकली. “अम्मी, उतरो. आज मेरेकू अकेली जाने दो.”

गाडीची स्प्रिंग कुईं वाजली. साईडकार दोन बोटं वर आली. आईच्यान, मी बघितलं!

पहिल्याच वळणावर चाक उचललं. हातभर! नसीमनं ब्रेक दाबला नाय. हँडल उजवीकडं सोडलं, चाक टेकलं. दुसरी फेरी, तिसरी फेरी, पोरगी हसत होती!

उस्ताद बाकावर बसलेले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते जरा बाजूला सरकले अन् मोकळ्या जागेवर हात थोपटून म्हणाले, “बैठो, बैठो.”

मला वाटलं, मलाच म्हणतायत. मी बसायला वाकलो, तसे उस्ताद ओरडले, “अरे ए गंगाधर, उठ! तिच्या मांडीवर बसतोस काय?”