चौथं फूल

मी दोनच जमाती, म्हणजे इयत्ता, शिकलो. तेव्हा आमच्याकडं शाळा उर्दूची, आणि माझं लक्ष शेतात. धाकटा भाऊ मात्र बिदरला राहून सातवी झाला. ह्या पाच जमातींचा सल माझ्या मनात कायम होता, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. देवळाच्या कट्ट्यावर दहा माणसांत भाऊ म्हणाला, "अण्णा, डाक्टर म्हणायलाय, आत्ता काढलं तर दिसंल. लई पिकल्यावर कायबी व्हायचं न्हाई. परवा गाडी जुंपू."

"मायच्या डोळ्याला मी सुरी लावू देणार न्हाई."

"तुमाला त्यातलं कळत न्हाई, तर गप ऱ्हावा की."

लोक हसले. मला ते झोंबलं. "देवाला इचारतो," मी म्हटलं. "देव म्हणंल तसं." देवापुढं सातवीचं काही चालत नव्हतं.

आमच्या गावात कौल फुलांचा. कण्हेरीची दोन फुलं ओली करून देवाच्या दोन खांद्यांना चिकटवायची. उजवं आधी पडलं तर व्हय, डावं पडलं तर न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात पुजारी आणि मी, दोघंच. मायला दवाखान्यात न्यावं का, असं विचारलं. उजवं पडलं.

"पाणी जास्त झालं. परत लावा," मी म्हटलं.

परत उजवं.

"माझ्या मनात दुसरंच आलं होतं. परत."

तिसऱ्यांदाही उजवंच. पुजारी म्हणाला, "अण्णा, देवाला काय कचेरीतल्या साक्षीदारावानी उलटंपालटं इचारायलाव? तीनदा सांगितलं की त्यानं."

"लावा म्हणलं ना."

चौथ्यांदा डावं पडलं. मी लगेच उठलो, नारळ फोडला, घरी येऊन सांगितलं, "देव न्हाई म्हणाला." माय म्हणाली, "त्याचीच मर्जी न्हाई तर ऱ्हाऊ द्या." दोन वर्षांनी भाऊ मला न विचारता तिला घेऊन गेला. डाक्टरानं पाहिलं आणि उशीर झाला म्हणून परत पाठवलं. तोवर तिला अंधार-उजेडही कळत नव्हता.

तरी मी ताठच होतो. आपण खोटं बोललो नाही, देव न्हाई म्हणालाच होता, असं धरून बसलो होतो.

मग एका उन्हाळ्यात माय ओसरीत चिंच सोलत बसली होती, बोटांनी चाचपून चिंचोके वेगळे काढत. मी शेजारी रिकामा. एक चिंचोका मधोमध फोडला. एक बाजू काळी, एक पांढरी. पांढरं पडेपर्यंत टाकायचा, कितव्यांदा पडलं ते कोळशानं भिंतीवर ओढायचं, असा खेळ धरला. संध्याकाळपर्यंत भिंत भरली. साधारण निम्म्या डावांत पांढरं पहिल्याच खेपेला. उरलेल्यांतल्या निम्म्यांत दुसऱ्या खेपेला. मग त्यातल्या निम्म्यांत तिसऱ्या.

रेघांकडं बघता बघता मी मनात सोळा माणसं देवापुढं बसवली. सगळ्यांना डावंच हवं. पहिल्या खेपेला आठ जणांना मिळालं, ते उठले. दुसऱ्या खेपेला चार उठले, तिसऱ्या खेपेला दोन, चौथ्या खेपेला एक. मागं एकटाच बसून राहिला. पंधरा जण 'देव न्हाई म्हणाला' असं सांगत घरी गेले. आणि त्या एकानंही हट्ट धरला, तर आज ना उद्या त्यालाही डावं मिळणारच.

मला वाटायचं, तीनदा उजवं पडलं म्हणजे चौथ्यांदा डाव्याची पाळीच होती. चिंचोक्यानं तेही ठेवलं नाही. तीनदा काळं पडल्यावरही पुढच्या खेपेला पांढरं निम्म्याच वेळा. मागं काय पडलं ते त्याच्या गावीही नसतं. देवानं मला अडवलं नव्हतं. मी हवं ते मिळाल्यावर थांबलो होतो, एवढंच.

"काय टाकायलास रं मघापासून?" मायनं विचारलं.

"चिंचोका."

"मग थांबतोस कवा?"

"पांढरं पडलं की."

तिचे हात चिंचेतच थांबले. "देवाला किती बार इचारला होतास?"

भिंतीवरच्या रेघा तिला दिसत नव्हत्या. दिसत असत्या, तर हा प्रश्नच आला नसता.

"एकदाच," मी म्हटलं.

"मग बरं," ती म्हणाली, आणि चाचपत चिंचोक्यांचा ढीग माझ्याकडं सारला. "घे. खेळ."