बधिर चट्ट्यावरचा मोर

गोंदणारी धोंडाबाई भलती फटकळ. कुणी बाई सुईला घाबरून रडली, की "बाळंतपणाला काय करशील गं?" म्हणून गप्प करायची.

भूकंपानंतर मात्र तिची थट्टा आटली. किल्लारीकडच्या पत्र्याच्या शेडांत आया आपल्या गेलेल्या लेकरांची नावं हातावर गोंदून मागत. रडून रडून डोळे कोरडे पडलेल्या बायका त्या. पण सुई लागली की त्यांचाही हात झटकन मागं यायचा. माणूस दुःखानं दगड झाला तरी कातडं जागं असतं, हे धोंडाबाईनं तिथं पाहिलं.

पुढं लातूरच्या गल्लीबोळांत शिकवण्यांच्या पाट्या लागल्या आणि पोरी गोंदणाला गावंढळ म्हणू लागल्या. म्हणून सिद्धेश्वराच्या जत्रेत उमरीची वर्षाराणी समोर येऊन बसली, तेव्हा धोंडाबाईला नवल वाटलं. बारावीची पोर, परीक्षा तोंडावर आलेली. सोबत ती भाड्यानं राहायची त्या खोलीची मालकीण उमादेवी.

"इथं मोर काढा, भरगच्च," पोरीनं मनगटाच्या वरची जागा दाखवली.

पहिल्या टोच्याला ती कळवळली. सुया जरा वर सरकल्या, एका फिकट चट्ट्यावर आल्या, आणि पोर एकदम गप्प. धोंडाबाईनं मुद्दाम जोर दिला. रक्ताचा थेंब आला, तरी पोर आपली जत्रेतल्या पाळण्याकडं बघत होती.

"लई धीराची हाय आमची," उमादेवी कौतुकानं म्हणाली.

धोंडाबाईनं चट्टा ओळखला. असाच चट्टा तिच्या थोरल्या दिराला होता. वेळेवर दाखवला नाही, बोटं गेली. बोलावं तर मालकीण ऐकणार, गप्प बसावं तर पोरीचा हात जाणार.

"अक्का, कुठून जराशी हळद आणता का? रक्त थांबंना."

उमादेवी उठताच धोंडाबाईनं विचारलं, "हितं दुखत न्हाई ना तुला?"

पोरीचा चेहरा उतरला. "माहीत हाय, मावशी. म्हणून तर झाकायला आले. काकूला कळलं तर खोलीतून काढतील. परीक्षा झाली की दवाखान्यात जाते."

"चट्टा झाकंल, रोग न्हाई झाकणार. सरकारी गोळ्या फुकट हाईत, बरा हुतो. उद्याच चल."

"उद्या न्हाई. पाया पडते तुमच्या, मोर पुरा करा."

धोंडाबाईनं सुया खाली ठेवल्या.

उमादेवी हळद घेऊन आली आणि अर्धा मोर पाहून भडकली. तिनं पोरीचं मनगट धरून सगळ्यांना दाखवलं. "असं अर्धवट गोंदण अपशकुनी असतंय. ऐन परीक्षेत पोरीचं वाटोळं करता का?"

"हात थरथरतोय माझा, अक्का," धोंडाबाई एवढंच म्हणाली. गोंदून घ्यायला ताटकळलेल्या बायका एकेक करून उठून गेल्या. उमादेवीचं तोंड काही थांबेना.

शेवटी वर्षाराणीलाच ते सहन झालं नाही. "काकू, त्यांचा हात चांगला हाय. रोग माझ्या हाताला हाय. महारोग."

उमादेवीनं मनगट सोडलं. संध्याकाळी पोरीची ट्रंक आणि पुस्तकं खोलीबाहेर पडली होती. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरींच्या भाड्यावर त्या बाईचं घर चालायचं. ही गोष्ट सांगताना मला अजून तिचा संताप येतो.

दुसऱ्या दिवशी दवाखाना झाला, गोळ्या सुरू झाल्या. पोर धोंडाबाईच्या एका खोलीच्या घरात राहून अभ्यास करू लागली. एकाच ताटात दोघी जेवायच्या.

पहिल्या पेपरला निघताना तिनं विचारलं, "मावशी, तुमाला भीती न्हाई वाटत?"

"लई वाटती," धोंडाबाई म्हणाली. "इंग्रजीचा हाय म्हणं आज."