रीमने दिवसभर काही खाल्लं नाही

गेल्या आठवड्यात एका परक्या मुलीपायी माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. आमच्या मालगुंडच्या घरी, दुसऱ्याची लेक, आणि तोंडात अन्नाचा कण घ्यायला तयार नाही...

माझा भाऊ नोकरीनिमित्त मस्कतला असतो. त्याच्या शेजारचं ओमानी कुटुंब वडिलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आलं होतं. त्यांची पंधरा वर्षांची रीम आणि माझी भाची सई एकाच शाळेत, त्यामुळे सुट्टीला आलेल्या सईबरोबर तीही थोडे दिवस आमच्याकडे आली.

येण्याआधी तिच्या आईचा फोन आला, मोडक्यातोडक्या हिंदीत. म्हणाली, घरचा भात-मासे ती बघतसुद्धा नाही. फ्राईड चिकन, चिप्स, कोल्ड्रिंक, तेही आपल्या खोलीत मोबाईल बघत... रक्त कमी झालंय, शाळेत एकदा चक्कर येऊन पडली. काहीही द्या, पण उपाशी ठेवू नका. मी मोठ्या तोऱ्यात शब्द दिला. कोकणात येऊन कोण उपाशी राहतंय?

पहिली रात्र छान गेली. खाली पाट मांडून सगळे एकत्र बसलो, रीमने सुरमई चाटूनपुसून खाल्ली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र घावणे नकोत. चहा नको. दूध नको. म्हटलं, आमचं खाणं एका रात्रीतच नकोसं झालं वाटतं... दुपारी नाक मुठीत धरून दुकानातून नूडल्स आणले. तेही नको म्हणाली, तेव्हा मात्र मी घाबरले. ही आजकालची पोरं बारीक होण्यासाठी काय काय करतात ते वाचलेलं असतंच आपण.

"अगो, पाण्याचा घोट तरी घेतलान काय तिने?" आमच्या ह्यांनी विचारलं. तेव्हा लक्षात आलं, तोही नाही.

जयगडचा किल्ला बघायला जायचं आधीच ठरलं होतं. हे म्हणाले, जरा फिरली की भूक लागेल. थंडीचे दिवस, पण आमच्याकडे दुपारचं ऊन ते ऊनच. तटाच्या पायऱ्या चढताना रीम मध्येच खाली बसली. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले.

मी धावत जाऊन कोकम सरबताची बाटली तिच्या तोंडाला लावली. तिने तोंड घट्ट मिटून घेतलं. मी जबरदस्ती केली, सरबत तिच्या ड्रेसवर सांडलं, ती रडायला लागली. मी तिच्यावर ओरडले... हो, ओरडले. त्या क्षणी मला फक्त तिच्या आईचा आवाज ऐकू येत होता.

सई तिच्या कानाशी वाकून अरबीत काहीतरी बोलली, आणि तिचं ऐकून माझ्याकडे वळली. "आत्या, तिचा रोजा आहे!"

रमजानमध्ये आजारपणामुळे सुटलेले रोजे नंतर पूर्ण करायचे असतात म्हणे. आई तब्येतीमुळे धरू देणार नाही, म्हणून हिने कुणालाच सांगितलं नव्हतं. पहाटे नुसतं पाणी पिऊन बसली होती वेडी.

तिथूनच आईला फोन लावला. आई सोड म्हणत होती, मुलगी रडतरडत नकार देत होती. शेवटी आई मला म्हणाली, "आप उसके पास हो, आप देखो. आप बोलेगी तो छोडेगी." घ्या... म्हणजे आता सगळं माझ्यावर! सोडायला लावलं तर पोरीचं मन मोडणार, नाही लावलं आणि काही झालं तर तोंड कुठे दाखवू?

गाडी थेट गावातल्या आमच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी बीपी बघितलं, नाडी बघितली. म्हणाले, मावळतीपर्यंत निघेल, पण सावलीत झोपवून ठेवा, पुन्हा गरगरलं तर एक मिनिट न थांबता पाणी पाजा. मी रीमला तेच बजावलं. तिने मान डोलावली.

मग घरी ती पलंगावर आणि मी तिच्या उशाशी. तिने डोळे मिटले की मी हात लावून बघायचे. खिडकीतून समुद्रावरचा सूर्य दिसत होता, पण मेला खाली म्हणून सरकत नव्हता. माझ्याच तोंडाला कोरड पडली, तरी तिच्यासमोर पाणी प्यावंसं वाटेना...

एकदाचा मावळला! खजूर, पाणी, मग मऊ भात आणि माशाचं कालवण. हे बागेतलं काम टाकून आले, आमचा मुलगाही येऊन बसला. रीमच्या गालांवर रंग आला, तसा मी श्वास सोडला.

मी विचारलं, अगो बाय, जीव धोक्यात घालून आजच धरायचा होता का? सईने तिचं उत्तर मराठीत सांगितलं...

तिच्या घरी पूर्वी सगळे एका मोठ्या ताटाभोवती बसायचे. आता ज्याची त्याची ऑर्डर येते, जो तो आपला डबा घेऊन आपल्या खोलीत. फक्त रमजानमध्ये मावळतीला सगळे एकत्र बसतात. ती त्या महिन्याची वर्षभर वाट बघते. काल आम्हाला असं एकत्र जेवताना बघितलं, आणि तिला वाटलं, रोजा सोडायचा तर अशा घरात सोडावा.

मी मान खाली घालून तिला आणखी भात वाढला. ते पाट आम्ही पाहुणी येणार म्हणून माळ्यावरून काढले होते. एरवी हे टीव्हीसमोर, मुलगा मोबाईल घेऊन वर, आणि मी सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्याने...

रीम गेली, पण ते पाट मी अजून माळ्यावर टाकलेले नाहीत. काल हाक मारल्यावर मुलगा खाली आला, हेही टीव्ही बंद करून आले, आणि कितीतरी वर्षांनी मी माझ्याच घरात बसून गरम जेवले. पोरी, तुझे उपकार आहेत माझ्यावर.